एकाच बाईच्या दोन जबान्या

अम्मीच्या मसालेभाताने त्या दिवशी माझं वाटोळं केलं होतं, आणि वर तीच मला विचारत होती, "सगळ्या पोटभर जेवल्या ना गं?"

जेवल्या. तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

मी शगुफ्ता. भोरची. मालिकांचे संवाद लिहिते, म्हणजे लिहायला मिळावेत म्हणून धडपडते. मुंबईच्या एका निर्मिती संस्थेची नवी मालिका यायची होती, गोष्ट आमच्याच भागातली, आणि संवाद कुणी लिहायचे यावर घोडं अडलं होतं. एका बाजूला मुंबईचे एक बुजुर्ग लेखक, ज्यांच्या मालिका बघत मी लहानाची मोठी झाले. दुसऱ्या बाजूला मी. मग त्या संस्थेतल्या नूतनने तोड काढली. दोघांनी एकाच प्रसंगाचे संवाद लिहायचे, त्याच नट्यांनी ते दोनदा करायचे, आणि दोन्ही चित्रफिती भोर-वेल्ह्याच्या बायकांना दाखवायच्या. त्यांना ज्याचे संवाद पटतील त्याची मालिका.

मला हे ऐकून आनंद झाला होता. आपल्याच बायका, आपलंच पारडं जड, असा माझा साधा हिशेब. नूतनने तेवढ्यात अट घातली. कोणाचं कोणतं हे बायकांना सांगायचं नाही. मी लिहिते हे तर अजिबात सांगायचं नाही. मी फक्त हॉल बघायचा, बाया गोळा करायच्या आणि मागे गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमत नाही, पण गरजवंताला अक्कल नसते. मी हो म्हणाले.

घरातही एक बोलणं झालेलं होतं. शिवऱ्याच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा माझ्यासाठी धरून ठेवलेली होती आणि सोमवारी तिथं उत्तर द्यायचं होतं. अब्बा शांतपणे म्हणाले होते, "ही येक मालिका बघ. मिळाली तर तू आन तुझं लिहिणं. न्हाई मिळाली तर शाळा. आता अधांतरी नगं." अब्बांचा टेम्पो आहे, ते माणूस आणि माल दोन्ही वेळेवर पोचवतात, अधांतरी काही ठेवत नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. शाळेचा मात्र आला, उगाचच, कारण शाळेने माझं काही वाकडं केलं नव्हतं.

तर हॉल ठरला, पडदा लागला, बाया आल्या. आंबवड्याच्या बाया एसटीने आल्या. भाटघर धरणाकडच्या आणि त्याच्या पुढच्या, वेल्ह्याच्या बाजूच्या बाया अब्बांनी टेम्पोतून आणल्या. नूतनच्या मनात चहा-बिस्किटं होती. अम्मीला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "लेकीचं काम हाय आन बिस्किटं? उपाशी पोटी कुणाच्या तोंडातून चांगला शब्द निघतो का?" आणि तिने पहाटे उठून इंद्रायणीचा मसालेभात टाकला, वर जिलेबी आणवली, आणि चित्रफिती दाखवायच्या आधी सगळ्यांना पंगतीत बसवून आग्रह करकरून वाढलं. भाटघरच्या पुढच्या एका वाडीची एक तरुण बाई नको नको म्हणत होती, तिच्या ताटात अम्मीने दुसऱ्यांदा भाताचा डोंगर केला. नूतनच्या गाडीच्या ड्रायव्हरला तर तिने जिलेबीचं ताटच दिलं.

प्रसंग साधा होता. भर दुपारी नवऱ्याचं घर सोडून आलेली लेक पिशवी घेऊन माहेरच्या दारात उभी आहे, आई तांदूळ निवडतेय. आई वर बघते. आता काय बोलेल?

बुजुर्गांच्या चित्रफितीत आई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ज्या उंबरठ्यावरून लेकीची पाठवणी होते, त्या उंबरठ्याला तिच्या परतीची सवय नसते!" मागे ढगांचा गडगडाट, भर दुपारी. लेक म्हणाली, "आई, उंबरठ्याला सवय नसेल, पण आईच्या काळजाला तर असते ना?" पुन्हा गडगडाट. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटत होतं. त्या माणसाची वाक्यं जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकावर एक चढतात.

माझ्या चित्रफितीत आई लेकीच्या मागे रस्त्याकडे बघते आणि म्हणते, "एकटीच आलीस?" लेक मान हलवते. आई म्हणते, "दार लोटून घे." मग पुन्हा तांदळात बोटं घालून, खाली बघत, "हातपाय धू. जेवलीस का?" लेक म्हणते, "धरणाचं पाणी एकदा सोडलं की परत येत नाही म्हणतात, आई. मी आले." हे धरणाचं वाक्य माझं लाडकं. ते सुचलं त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश झाले होते की अम्मीला दोनदा वाचून दाखवलं. अम्मी म्हणाली होती, "छान हाय." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दोन्ही झाल्यावर नूतन पुढे आली आणि प्रेमाने विचारलं, "पहिल्यातले संवाद कसे वाटले?"

"लई छान," बाया म्हणाल्या.

"आणि दुसऱ्यातले?"

"लई छान."

"त्यातल्या त्यात जास्त चांगले कोणते?"

"दोनी बी लई छान," सगळ्यांच्या वतीने बनाबाई म्हणाल्या. या बनाबाई म्हणजे भाटघरच्या पुढच्या गावच्या तंटामुक्ती समितीत बसणाऱ्या. बांधाची, भावकीची, सासू-सुनांची भांडणं ऐकून निवाडा करायची त्यांना सवय. त्याच असं म्हणाल्यावर बाकीच्यांना बोलायला जागाच उरली नाही.

नूतनने हरतऱ्हेने विचारून पाहिलं. कोणतं वाक्य लक्षात राहिलं? सगळीच. काही खटकलं? छे. मी मागच्या खुर्चीत बसून ओढणीचं टोक पिळत होते. नूतनला कळत नव्हतं, मला कळत होतं. आमच्याकडे ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्या कामाला नावं ठेवत नाहीत. आधी विचारून मग वाढलं असतं तर त्या बायांनी दोन्ही चित्रफितींची सालं काढली असती. अम्मीने वाढलं आणि तोंडांना कुलपं लागली, आणि कुलूप लावणारी माझीच आई, माझ्याच भल्यासाठी. हसावं की रडावं तेच कळेना.

नूतन माझ्याजवळ आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "दोन्ही सारखेच आवडले म्हणतायत. मग मी वर काय सांगू? सारखंच असेल तर वरचे लोक अनुभवी माणसालाच देतील." ती हे वाईट मनाने म्हणाली नाही, तिलाही वाईटच वाटत होतं. पण सोमवार आणि शिवऱ्याची शाळा माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मी "हो ना" एवढंच म्हणाले.

नूतनला जाताजाता भाटघरचं पाणी बघायचं होतं, चित्रीकरणासाठी. पण तिचा ड्रायव्हर मसालेभात आणि जिलेबी खाऊन गाडीत असा काही झोपला होता की दोघांनी हलवूनही उठेना. अब्बा म्हणाले, "मी बाया सोडायला निघालोच हाय, चला की. येताना परत आणतो." नूतन पुढे बसायला गेली तर मागून बायांनी तिचा हात धरून ओढलं. "पुढं काय बसता, हितं बसा आमच्यात, हवा लागती." ती बिचारी शाल पसरलेल्या फळ्यांवर बसली. मी अब्बांच्या शेजारी पुढे. आमच्या टेम्पोच्या केबिनला मागे एक खिडकी आहे, तिची काच कधीच फुटलेली आहे आणि अब्बा ती कधीच बसवत नाहीत, कारण माल सरकला तर आवाज यायला हवा.

भोर मागे पडलं. मी पुढच्या रस्त्याकडे बघत मनात शाळेसाठी उत्तर जुळवत होते. "आदरणीय मुख्याध्यापिका" इथपर्यंत पोचले होते, तेवढ्यात मागून बनाबाईंचा आवाज आला.

"मला येक सांगा, ती बाई कवा खोटं बोलली?"

"कोण बाई?" कुणीतरी विचारलं.

"ती आई गं. तांदूळ निवडणारी. तेच घर, तेच लुगडं, तीच लेक. पयल्यांदा येक बोलली, मग दुसरंच बोलली. आमच्या समितीत असं दोन वेळंला दोन बोललं, मंजी येक जबानी खोटी. मग कुठली खोटी?"

मी दचकून अब्बांकडे बघितलं. अब्बांनी गाडीचा वेग कमी केला.

बायांना टीव्ही नवा नव्हता. हे खोटं खोटं असतं, एकच प्रसंग दोनदा केलाय, हे त्यांना नूतनने सांगितलंही होतं. पण बनाबाईंना सवय जबान्या ऐकायची, आणि मसालेभाताने बांधलेली तोंडं आता सुटली होती. संवादांना नावं ठेवायची नव्हतीच कुणाला. निवाडा चालला होता त्या तांदूळ निवडणाऱ्या बाईचा, आणि तिच्या घरचं कुणी खाल्लेलं नव्हतं.

"पयल्यांदा गोड बोलली," एक बाई म्हणाली. "उंबऱ्याचं किती छान बोलली."

"छान बोलली, पर पाठ करून आल्यावानी," बनाबाई म्हणाल्या. "लेक दारात उभी राहून किती येळ झाला? आन हिचं भाषण तयार! आधीच ठावं व्हतं का हिला लेक येणार हाय म्हणून? जबानी पाठ करून येतो त्यो खोटा, हे म्या शंभरदा बघितलंय."

माझा जीव वर आला. अब्बांनी हॉर्न न वाजवता एका बैलगाडीला वाट दिली, आयुष्यात पहिल्यांदा.

"मग दुसरी खरी?"

"दुसरी बी खोटी," बनाबाई म्हणाल्या, आणि वर आलेला माझा जीव तिथंच लटकला. "लेक भर उन्हाची पिशवी घिऊन येती, आन आई इचारती, जेवलीस का? आधी इचारायला नगं, का आलीस, काय झालं? कोण आई असं करंल? आपली म्हैस जरी येळंआधी गोठ्याकडं आली तरी आपण इचारतो, काय झालं हिला. ही जबानी तर मुळीच पटत न्हाई."

"खरंय," दोघी-तिघी म्हणाल्या. "इचारलंच न्हाई तिनं."

झालं. निकाल लागला, आणि तोही नूतनच्या समोर. मला बनाबाईंचा असा राग आला की खिडकीतून तोंड घालून ओरडावंसं वाटलं, अहो, ती विचारत नाही तेच तर आहे! पण स्वतःचा संवाद स्वतःच समजावून सांगावा लागला तर तो मेलेला असतो, एवढं मला कळतं. मी दात आवळून बसले. अब्बांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढे उतार होता, तिथं त्यांनी गाडीचं इंजिनच बंद करून टाकलं आणि टेम्पो नुसता घरंगळत ठेवला. ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

त्या शांततेत एक बारीक आवाज आला. "म्या बी न्हाई इचारलं."

मी वळून बघितलं. फुलाबाई होत्या. इतका वेळ कोपऱ्यात पदर दातात धरून बसलेल्या, वाळक्या, वयस्क. त्यांच्या शेजारी ती तरुण बाई बसली होती, जिच्या ताटात अम्मीने दुसऱ्यांदा भात लोटला होता. ती त्यांची लेक, सुलक्षणा.

"काय न्हाई इचारलं?" बनाबाई म्हणाल्या.

"आमची सुलक्षणा आली तवा. अशीच आली, दुपारची, पिशवी घिऊन. तिला बघितलं आन म्या पयलं काय म्हणलं, तर दार लोटून घे म्हणलं. शेजारणी बघत्याल म्हणून." फुलाबाई थांबल्या. "मग भाकरी वाढली. रोज वाढते. जेवलीस का, जेवलीस का, दिसातून धा येळा इचारते. पर का आलीस ते आजून न्हाई इचारलं."

"का गं?" बनाबाईंचा आवाज खाली आला.

"इचारलं आसतं तर तिनं सांगितलं आसतं. मंग म्या काय केलं आसतं? ठाऊक न्हाई तवर निदान झोप तरी येती, असं वाटलं." फुलाबाईंनी पदर सोडला. "ती बाई खाली तांदळात बघून बोलली, तवा मला वाटलं, हिला कसं ठावं."

चाकांचा आवाज तेवढा येत होता. माझे डोळे भरून आले होते आणि ते पुसायलाही मी हलले नाही.

मग सुलक्षणा बोलली. "म्या वाट बघत व्हते, आये. आज इचारशील, उद्या इचारशील."

"मला कळलं न्हाई गं."

"मला वाटलं, तुला ऐकायचंच न्हाई."

बनाबाई खाकरल्या. समितीत निवाडा सांगताना त्या अशाच खाकरत असाव्यात. "मग म्या चुकले," त्या म्हणाल्या. "दुसरी जबानी खरी. पयली पाठ केलेली. दुसऱ्या येळंला ती बाई खरं बोलली, लपवून बोलली पर खरं बोलली." मला एकदम हलकं वाटलं. शाळा, सोमवार, आदरणीय मुख्याध्यापिका, सगळं त्या उताराने खाली गेलं. तेवढ्यात बनाबाई पुढे म्हणाल्या, "आई खरी बोलली. लेक न्हाई. लेकीचं ते धरणाचं साफ खोटं."

"व्हय की," सुलक्षणा म्हणाली. "उन्हात चालून पाय भाजले आसताना कुणाला धरण आठवतंय?"

मागे सगळ्या हसल्या. फुलाबाईसुद्धा. "धरणाचं पाणी म्हणं!" असं म्हणत एकीने दुसरीला टाळी दिली. माझं लाडकं वाक्य माझ्या पाठीमागे टेम्पोभर हसण्यात वाहून गेलं, आणि मला एरवी आला असता तसा राग आला नाही. खरं सांगायचं तर किंचित आला. अब्बा गालातल्या गालात हसत होते, त्याचा मात्र चांगलाच आला.

भाटघरच्या पाण्याजवळ अब्बांनी गाडी थांबवली. पाणी उन्हाळ्याने बरंच मागे सरलं होतं. नूतन खाली उतरली, पण पाण्याकडे न बघता सरळ माझ्या दाराशी आली. तिचं नाक लाल झालं होतं.

"धरण काढून टाक," ती म्हणाली.

"टाकलं," मी म्हणाले.

"बाकी एक शब्द हलवायचा नाही. मी आज वर फोन करते. काय झालं ते जसंच्या तसं सांगते, मग बघू कोण नाही म्हणतंय." आणि मग, थोडं लाजून, "तुझ्या आईला सांग, पुढच्या वेळी आधी विचारू आणि मग जेवू."

अब्बा पुढच्या काचेतून समोर बघत होते. "शिवऱ्याला मी जाऊन सांगतो," ते मला म्हणाले. "तू नगं जाऊस. माणसं चांगली हायेत, त्यानला चांगल्या तोंडानं नाही म्हणलं पायजेल." माझा जीव भांड्यात पडला तो तेव्हा. नूतन हो म्हणाली म्हणून नव्हे, अब्बांनी "अधांतरी" हा शब्द काढला नाही म्हणून.

मग आम्ही एकेक वाडीला बाया उतरवत गेलो. बनाबाई उतरताना नूतनला म्हणाल्या, "आता त्या बाईला म्हणावं, लेकीला इचार." नूतन म्हणाली, "सांगते." सगळ्यात शेवटी फुलाबाई आणि सुलक्षणा राहिल्या. त्यांची वाडी रस्त्यापासून वर, शेताच्या बांधावरून पायवाट. दोघी उतरल्या. फुलाबाईंनी अम्मीसाठी निरोप दिला, भात लई गुणाचा झालता म्हणून सांग. हे मात्र खरं असावं.

त्या पायवाटेने निघाल्या. आई पुढे, लेक मागे. अब्बांनी गाडी वळवायला घेतली आणि अर्ध्यात थांबवली. वर बांधावर फुलाबाई उभ्या राहिल्या होत्या. त्या वळल्या आणि लेकीला काहीतरी म्हणाल्या. अब्बांनी पटकन इंजिन बंद केलं. मी काचेबाहेर मान काढली, मागून नूतननेही काढली. पण अंतर फार होतं, वारं आमच्याकडून त्यांच्याकडे होतं, आणि आम्हाला काही ऐकू आलं नाही. सुलक्षणाने हातातली पिशवी खाली ठेवली एवढं दिसलं. मग ती बोलायला लागली, आणि बराच वेळ बोलत राहिली.

"काय इचारलं आसंल गं?" अब्बांनी हळूच मला विचारलं.

"ते मला कसं कळणार, अब्बा?"

"जेवलीस का, ते तर न्हाईच," अब्बा म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली. "दोनदा भात घेतलाय तिनं."